धरण कुणाच्या बापाचं

आमचं गाव नाशिकच्या पूर्वेला आहे. आमच्यावरून ढग जातात ते पुढच्या गावाला. पश्चिमेला, डोंगरांच्या कुशीत, एक धरण आहे. त्याचा कालवा वळसे घेत घेत आमच्या शिवारापर्यंत येतो आणि तिथंच संपतो. कालव्याच्या या शेवटाला आमच्याकडे ‘टेल’ म्हणतात. टेलचा शेतकरी म्हणजे पंगतीत शेवटच्या पाटावर बसलेला माणूस. वाढपी त्याच्यापर्यंत पोचतो तेव्हा बादलीचा तळ खरवडल्याचा आवाज येत असतो.

शेती करतो मोठा भाऊ. मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मापून नाक मुरडणं हा माझा पेशा. साप्ताहिक सुट्टीला गावी जातो. कारखान्यात सांगतो, आम्ही शेतकरी माणसं. गावात सांगतो, आम्ही कंपनीतली माणसं. दोन्हीकडे ऐकणारे फक्त मान हलवतात. माझ्या शेतीच्या ज्ञानाबद्दल भावाचं म्हणणं असं, की मला मोटरसायकल बरोबर सावलीत लावता येते.

माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा मध्यस्थ म्हणाला, “धरणाच्या काठचं स्थळ आहे.” मुलगी कशी, माणसं कशी, हे विचारायच्या आधीच आमच्या घरात आनंद पसरला. धरणाशेजारी सोयरीक म्हणजे पाण्याच्या खात्यात आपला माणूस, असा आमच्या वडिलांचा सरळ हिशेब. मलाही तो पटला. मी तर कल्पनेत सासऱ्यांना धरणाच्या दरवाजाची चावी कमरेला लावून हिंडताना पाहिलं होतं.

मुलगी बघायला गेलो. घर टेकाडावर होतं आणि ओट्यावरून धरण दिसत होतं, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत निळंशार. मुलीनं पाण्याचे ग्लास आणले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी ग्लास उचलून तिच्या वडिलांना रुबाबात विचारलं, “हे धरणाचंच ना?”

“नाय,” ते म्हणाले. “टँकरचं.”

“पण समोर एवढं पाणी...”

“ते तुमचं. खाली जातं ते, तुमच्याकडं.”

मला वाटलं, विनोद केला. मी मोकळेपणानं हसलो. ओट्यावर दुसरं कुणीही हसलं नाही. माझ्या वडिलांनी कोपरानं मला ढोसलं. घाबरून मी सगळा ग्लास एका दमात रिकामा केला.

तरीही लग्न झालं. पुढे कधीतरी मी बायकोला विचारलं, त्या दिवशी एवढं वेड्यासारखं बोलूनही बाबांनी मला पसंत कसं केलं. ती म्हणाली, “तुम्ही ग्लासात थेंब ठेवला नाही. बाबा म्हणाले, बाकी कसा का असंना, पाण्याला धरून हाय.”

हळूहळू मला कळत गेलं. टेकाडावरचं घर हे त्यांचं मूळचं घर नव्हतं. जुनं घर, विहीर आणि सगळी जमीन धरणात गेली होती. त्या वेळी बायको कडेवर घ्यायच्या वयाची होती. मोबदला मिळाला, तो घर बांधण्यात संपला. सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, तेव्हापासून दुसऱ्यांची शेतं वाट्यानं करत आले. आणि उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटलं, की उघड्या पडलेल्या गाळात पीक घेत आले. त्याला गाळपेर म्हणतात. सरकार त्या जमिनीचा तुकडा थोड्या महिन्यांसाठी देतं, पावसाळ्यात पाणी चढलं की पुन्हा घेतं.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे कारखान्यातल्या अग्निशमन यंत्राची जागा जशी माहीत असते, तसं. रोज समोरून जातो, पण हात लावायची वेळ कधी येत नाही.

मग एका वर्षी आमच्या बाजूला पाऊस फार कमी झाला. विहिरींचे तळ माघापासूनच दिसायला लागले. उन्हाळ कांदा शेतात उभा होता आणि त्याला शेवटची दोन पाणी हवी होती. कालव्याला पाणी सुटणार सुटणार म्हणत होते आणि सुटत नव्हतं. पिण्यासाठी राखून ठेवायचं आहे, वरून आदेश नाही, बैठक व्हायची आहे, अशी रोज नवी बातमी. शेवटी टेलच्या गावांनी तालुक्याच्या पाटबंधारे कचेरीवर मोर्चा न्यायचं ठरवलं. नेमकी माझी सुट्टी त्याच दिवशी होती.

भाऊ म्हणाला, “चल. गर्दी लागते.”

म्हणजे मला गर्दी म्हणून नेलं होतं, हे मी इथं नोंदवून ठेवतो. पण कचेरीसमोर गेल्यावर बोलणाऱ्यांचे घसे बसले, ऊन चढलं, आणि माणसं रसवंतीकडे पांगायला लागली. कुणीतरी म्हणालं, कंपनीवाल्याला द्या माइक, त्याला बोलता येतं. मला बोलता येतं हा समज कुठून आला, मला ठाऊक नाही. कारखान्यात दर सोमवारी सकाळी मी कामगारांना सुरक्षेबद्दल दहा वाक्यं सांगतो, तेवढाच माझा वक्तृत्वाचा अनुभव. आणि ती वाक्यंसुद्धा भिंतीवर लिहिलेली असतात.

माइक हातात आला आणि माझं काय झालं ते सांगता येत नाही. माझाच आवाज कचेरीच्या भिंतीवर आपटून माझ्याकडे परत आला आणि मला तो अतिशय आवडला. मी टेलची पंगत सांगितली, रिकामी बादली सांगितली. रसवंतीकडची माणसं ग्लास हातात घेऊन परत आली. मग मी हात वर केला आणि म्हणालो, “साहेबांनी एक लक्षात ठेवावं. हे धरण कुणाच्या बापाचं नाही.”

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो, आणि मग तिसऱ्यांदा, कारण टाळ्या पुन्हा पडत होत्या. भाऊसुद्धा टाळ्या वाजवत होता. आयुष्यात प्रथमच त्यानं माझ्याकडे मोटरसायकलच्या संदर्भाशिवाय पाहिलं.

नाशिकला घरी परतलो तर बायको स्वयंपाकघरात भाकरी करत होती आणि ओट्यावर तिचा मोबाइल डब्याला टेकवून ठेवला होता. मोबाइलमध्ये मी होतो. हात वर केलेला.

“पाहिलंस का?” मी विचारलं. आवाज अजून मोर्च्यातलाच होता.

“पाहिलं.” तिनं भाकरी उलटली. “फार लोकांनी पाठवलाय.”

“कसं वाटलं?”

“आवाज स्पष्ट आहे.” भाकरी तव्यावरून निखाऱ्यासारखी ताटात पडली. मग ती शांतपणे म्हणाली, “माझ्या बापाचं आहे ते धरण. निदान त्यातला कोपरा तरी.”

मी उभा होतो तो खुर्चीवर बसलो. तीन वेळा बोललो होतो मी ते वाक्य. तिन्ही वेळा मोबाइलमधल्या माझ्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मला तो चेहरा ओळखू येईना.

“मला तसं म्हणायचं नव्हतं,” मी म्हणालो.

“तुम्हाला काहीच म्हणायचं नव्हतं. तुम्हाला टाळ्या पाहिजे होत्या.” ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिनं फक्त वाटीत आमटी वाढली आणि म्हणाली, “आखाजीला जायचंय आपल्याला. बाबांनी पण पाहिलाय.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत कालव्याला पाणी सुटलं. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये अगदी सहज, जेवता जेवता, ते माझ्या भाषणामुळे सुटलं असं सूचित केलं. भावानं फोनवर सांगितलं, की पाणी सोडायचा निर्णय मोर्च्याच्या आदल्या दिवशीच झाला होता, कचेरीत नुसता कागद यायचा बाकी होता. ही माहिती मी कँटीनपर्यंत पोचू दिली नाही.

आखाजी म्हणजे लेकींनी माहेरी जायचा सण. दरवर्षी जातो तसे निघालो, आंब्यांची पेटी मागे बांधून. पण त्या दिवशी मी रस्ताभर मनात माफी घोळवत होतो. ‘मामा, शब्द चुकीच्या पद्धतीनं बाहेर पडले.’ नको, हे फार कारखान्यातलं वाटतं. ‘मामा, माणूस गर्दीत वाहवतो.’ वाहवतो हा शब्द धरणाच्या बाबतीत बरा नव्हे. असं करत करत घर आलं, आणि माफीचं एकही वाक्य माझ्या तपासणीत पास झालं नव्हतं.

घरी सासूबाई एकट्याच होत्या. “ते खाली गेलेत,” त्या म्हणाल्या. “वावरात.”

ओट्यावरून पाहिलं तर धरण मी ओळखतो ते नव्हतं. पाणी मधोमध आकसलं होतं आणि भोवती तपकिरी, भेगाळलेला, उतरता पट्टा पसरला होता. त्यात हिरवे चौकोन होते. एका चौकोनाच्या कडेला खाट आणि खाटेवर पांढरी टोपी दिसत होती. बायको चपला काढून लहान मुलीसारखी उतारावरून चालायला लागली. मी मागून निघालो, इस्त्रीचा शर्ट आणि कारखान्यातून मिळालेले सुरक्षा बूट घालून. ते बूट कुठल्याही जमिनीवर घसरत नाहीत, असं मी दर सोमवारी सांगत असतो.

मामा टरबुजांची राखण करत बसले होते. आम्हाला पाहून उठले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, मला म्हणाले, “या, जावाई.” आणि मग, मी तोंड उघडायच्या आत, “व्हिडिओ पाह्यला तुमचा.”

“मामा, ते जरा...”

“आवाज चांगला हाय. पण लय उशिरा बोललात.”

“उशिरा?”

“पुढल्या वर्षी संक्रांतीलाच मोर्चा काढा.” ते गंभीरपणे बोलत होते. “ही टरबुजं लावलीत ना, हे वावर आपलं नाय. हे वरच्या अंगाचं, दुसऱ्याचं व्हतं. आपलं खाली हाय. तुमच्याकडं पाणी सुटलं का मगच ते वर येतं. औंदा आत्ता आलं. आता त्यात काय लावता, पाऊस तोंडावर आला. लवकर सुटलं असतं तर आपल्याच वावरात टरबूज झालं असतं.”

ज्यांचं शेत बुडवून आम्ही पाणी घेतो, ते आम्ही पाणी आणखी लवकर न्यावं म्हणून वाट बघत होते. माझ्या रस्ताभर घोळवलेल्या माफीला कुठंच जागा उरली नाही.

बायकोनं विचारलं, “दिसतंय का आपलं?”

“ते काय.” त्यांनी बोट दाखवलं. पाण्याच्या अगदी कडेला दगडांचं एक वर्तुळ अर्धवट दिसत होतं. विहिरीचा काठ. “त्याच्या अलीकडचं समदं आपलं.”

आता खरं तर मी खाटेवर बसून टरबूज खायला हवं होतं. पण मला वाटलं, आपण काहीतरी करावं. जाऊन ती विहीर जवळून पाहावी, त्या मातीला हात लावावा, म्हणजे मामांना बरं वाटेल. मी निघालो.

“जावाई, तिकडं नका जाऊ. वाळलं नाय अजून.”

“बूट आहेत मामा,” मी म्हणालो.

वरून ती जमीन चांगली सुकलेली दिसत होती. तिच्यावर भेगासुद्धा होत्या. विहिरीच्या दिशेनं थोडा गेलो आणि उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला. तो काढायला डाव्यावर जोर दिला, तर डावा गुडघ्यापर्यंत गेला. मग मी ते सगळं केलं जे करू नका असं मी लोकांना शिकवतो. घाबरलो, हातपाय मारले आणि जागा सोडायची धडपड केली. मांड्यांपर्यंत गेल्यावर गाळानं मला व्यवस्थित धरलं आणि मी थांबलो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

मागे वळून बघता येत नव्हतं. बायकोचा आवाज आला, “अहो, हलू नका.” त्यात काळजी होती, पण काळजीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. ती हसू दाबत होती.

मामांनी खाट उचलून आणली. ती गाळावर पालथी टाकली आणि स्वतः तिच्यावर पोटावर झोपून माझ्याकडे सरकले. टोपी काढून लेकीकडे दिली होती. माझ्या काखेत हात घालून ते म्हणाले, “आता पाय सोडा. बूट गेले तर जाऊ द्या.” त्या वयातही त्यांच्या हातांत जोर होता. बायकोनं मागून खाट धरली. मी खाटेवर आडवा आलो, मासळीसारखा. उजवा बूट पायात होता, डावा नव्हता.

कोरड्या जागी आल्यावर मी मागे गाळाकडे पाहत राहिलो. खड्डा मिटत होता.

“बूट राह्यला,” मी म्हणालो.

“धरणात गेलं ते सरकारचं,” मामा म्हणाले, आणि मग ते हसायला लागले. बायकोही खाली बसून पोट धरून हसली. मला वाटलं, या दोघांना एकत्र असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. गाळानं माखलेला शर्ट आणि एक मोजा अशा अवस्थेत मीही हसलो. दुसरा काही मार्ग दिसत नव्हता.

मामांनी टरबूज दगडावर आपटून फोडलं. आम्ही हातानंच खाल्लं. गाळ माझ्या हातांवर वाळत होता आणि कातडी ओढली जात होती. खाताना मी शेवटी विचारलं, “मामा, तुम्हाला राग नाही आला? मी जे बोललो त्याचा.”

त्यांनी बिया थुंकल्या.

“माझ्या बापाचं व्हतं,” ते म्हणाले. “पाणी चढाया लागलं तवा बाजरी उभी व्हती. आम्ही वर सामान नेत व्हतो. बाप रोज खाली यायचा, कणसं खुडून न्यायचा, पाणी जेवढं सोडंल तेवढी. एक दिवस गुडघाभर पाण्यात उभा राहून खुडत व्हता. मी हाताला धरून आणला. मंग त्यो परत कधी धरणाकडं तोंड करून बसला नाय. ओट्यावर बसायचा ते भिंतीकडं बघून. त्यो ऐकत असता तर राग आला असता. मला नाय आला. मला वाटलं, पोरगा बोलतोय तर पाणी लवकर सुटंल.”

बायको टरबुजाची साल बोटानं कोरत होती. तिनं ही गोष्ट आधी ऐकली होती की नाही, मी विचारलं नाही. ती उठली, आणि वडिलांच्या शेजारी जाऊन बसली.

त्या दिवशी मला माइक दिला असता तरी बोललो नसतो.

परतीचा प्रवास मी सासऱ्यांच्या चपला घालून केला. त्या मला आखूड होत होत्या. सोमवारी कारखान्यात सुरक्षा बूट कसा हरवला हे सांगावं लागलं, तेव्हा मी म्हणालो, चोरीला गेला. एकच? असं भांडारवाल्यानं विचारलं. मी हो म्हणालो. त्यानं फार वेळ माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या हिवाळ्यात टेलच्या गावांची बैठक झाली. मला बोलावलं, कारण मोर्च्यातलं वाक्य अजून लोकांच्या तोंडात होतं. मी उभा राहून म्हणालो, की पाणी लवकर मागू, पण त्यासोबत वरच्या धरणग्रस्त गावांना पिण्याच्या पाण्याची नळयोजना द्या, अशीही मागणी आपण करू. मागून कुणीतरी म्हणालं, “सासुरवाडीचं बोलतोय.” लोक हसले. अध्यक्षांनी मागणीची नोंद घेतो म्हणून सांगितलं आणि माइक पुढच्या माणसाला दिला. पुढच्या माणसानं माझंच जुनं वाक्य म्हटलं. टाळ्या पडल्या.

त्या वर्षी पाणी थोडं लवकर सुटलं. मामांच्या स्वतःच्या वावरात टरबूज झालं. नळयोजनेचं अजून काही झालेलं नाही. मी मधूनमधून अर्ज घेऊन कचेरीत जातो, आणि तिथला कारकून मला आता नावानं ओळखतो, एवढी प्रगती आहे.

पण एक गोष्ट झाली. पाणी सुटल्याची बातमी आली तेव्हा बायको म्हणाली, बाबांना आपल्याकडे आणू. ते इतक्या वर्षांत नाशिकला दोनदा-तीनदा आले होते, पण आमच्या गावी, टेलला, कधी आले नव्हते. या खेपेला आले. मी फार उत्साहात होतो. त्यांना कालवा दाखवायचा, कालव्यातून शेतात पाणी आणणारी चारी दाखवायची, कांदा दाखवायचा, असा सगळा कार्यक्रम आखला होता. मोटरसायकल सावलीत लावली आणि त्यांना कालव्याच्या कडेला घेऊन गेलो.

कालवा कोरडा होता. तळात चिखल वाळून त्याचे पापड झाले होते आणि एक कुत्रं त्यात झोपलं होतं. भाऊ म्हणाला, पाणी वर कुणीतरी अडवलंय, दुपारपर्यंत येईल. आम्ही बाभळीखाली बसलो. दुपार झाली. मी मामांना ठिबक सिंचनाबद्दल सांगत राहिलो. ते ऐकत होते की डुलकी घेत होते, कळत नव्हतं.

ऊन कलल्यावर कुत्रं उठून बाजूला झालं. मग पाणी आलं. आधी प्लास्टिकच्या बाटल्या, पालापाचोळा आणि फेस, आणि त्यामागे हातभर रुंदीचं, कसंबसं पुढं सरकणारं मातकट पाणी. मामा उठून काठावर गेले. त्या पाण्याकडे पाहत उभे राहिले.

“येवढंच येतं?” त्यांनी विचारलं.

“टेल आहे ना मामा,” मी म्हणालो. “इथवर येईपर्यंत...”

“आमच्याकडनं तर लय निघतं.”

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. कुणाच्या घरी लेक दिली आणि पुढे जाऊन तिला बघावं, तर ती वाळून गेलेली दिसावी, तसा काहीतरी तो आवाज होता. मला तोंड लपवावंसं वाटलं. जणू वाटेतलं सगळं पाणी मीच पिऊन टाकलं होतं.

भावानं चारीचं तोंड उघडलं आणि पाणी कांद्यात घेतलं. ते एका वाफ्यातून फुटून बांधावर जायला लागलं. मामांनी धोतर वर खोचलं, चपला माझ्याजवळ काढल्या आणि भावाच्या हातातलं फावडं मागून घेतलं. भाऊ नको नको म्हणत होता, पाहुणे आहेत तुम्ही. त्यांनी ऐकलं नाही. फावडंभर माती इकडे, फावडंभर तिकडे, आणि पाणी वाफ्यात बसलं. दुसरा वाफा, तिसरा वाफा. “जाऊ देऊ नका,” ते भावाला सांगत होते. “लय लांबनं आलंय.”

मी पुढे होऊन विचारलं, “मी काय करू?”

“तू तिथंच थांब,” भाऊ म्हणाला.

पाणी मी उभा होतो त्या बाजूला पसरायला लागलं होतं. मी मामांच्या चपला उचलल्या आणि बांधावर चढून, त्या हातात धरून उभा राहिलो.